पाठीखालचा गारठा

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार (आणि या वेळी वाकताना पाठ कुरकुरली नाही, हीच आजची मुख्य बातमी). तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत.

गेल्या वर्षी डोंगरावरच्या हिवाळी मुक्कामातून माझ्या गारठलेल्या पाठीपायी अख्ख्या गटाला दुसऱ्याच दिवशी खाली उतरावं लागलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, तुझी पाठ आहे की थर्मामीटर?" मी ते मनाला लावून घेतलं नाही. (डायरीत फक्त चार पानं लिहिली.) पण यंदा आमच्या कप्तानांनी (निवृत्त मोजणीदार; हुकूम सोडतात म्हणून कप्तान) स्पष्टच सांगितलं, की या वेळी मला झोप लागली नाही, तर यादीतून माझं नाव कायमचं कटाप. तुमचे भाऊ यावर "बघू" म्हणाले. हे "बघू" म्हणतात तेव्हा काहीच बघत नाहीत, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

म्हणून अंथरायची गादी मी स्वतःच निवडायची ठरवली. दुकानातली सगळ्यात जाड, हवा भरायची गादी कप्तानांनी आधीच नेली होती. मीही तसलीच मागितली, तर विकणारी मुलगी म्हणाली, "काकू, जाडी नका बघू. आत नुसती हवा असली, तर जमीन ती हवाच गार करते. आत अस्तर हवं. हा आकडा बघा, जेवढा मोठा तेवढी ऊब. एकावर एक दोन घातल्या तर आकड्यांची बेरीज होते." "काकू" ऐकून मी पायरी उतरणारच होते, पण मुलगी खरं बोलत होती (दोन्ही बाबतींत).

तरी छापील आकड्यावर विसंबायचं, तर अठरा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करून काय मिळवलं? परत करायच्या बोलीवर मी दोन्ही प्रकारच्या गाद्या घेतल्या आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या गल्लीमागच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन लाद्यांवर अंथरल्या. (मध्ये प्लास्टिक घातलं होतं, शंका नको.) बिनअस्तराच्या गादीवर अकराव्या मिनिटाला पाठ बधिर झाली. अस्तराची छान वाटली, पण मग लक्षात आलं, की तेव्हा माझ्या अंगात स्वेटर होता. हा पक्षपात झाला. स्वेटर काढून पुन्हा आडवी झाले, ती थेट हमालाच्या हाकेनेच जागी झाले. "ओ ताई, उठा की! तुमच्या खालची लादी मासेवाल्याकडे जायचीय." वन्सं, आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी उठले नव्हते.

मुक्कामाचं काय सांगू! जाग आली तेव्हा तंबूवर ऊन होतं आणि बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. कप्तान आणलेले सगळे कपडे एकावर एक चढवून, वर सॅकचं कव्हर पांघरून बसले होते. "झोप लागली का वहिनी?" त्यांचे दात वाजत होते. "घोरत होती," हे म्हणाले. ही तक्रार मला इतकी गोड कधी लागली नव्हती. कप्तान माझ्या गादीवर दहा मिनिटं पडले, उठले आणि गटाची सगळी खरेदी त्यांनी माझ्याकडे सोपवली!

तुमची,
विजयी भावजय

ता. क. खोटं राहायला नको म्हणून लिहिते. आवरताना माझ्या गादीखाली फोमची एक चटई निघाली. मी झोपल्यावर यांनी हळूच सरकवलेली. म्हणजे विजय माझा की बेरजेचा? आणि हे स्वतः कशावर झोपले, या विचाराने मला भरून आलं. तुमच्याकडून यांच्यासाठी एक जाड फोमची चटई पाठवाल का? "नको" म्हणतील; विचारूच नका.

आणखी ता. क. हे पत्र यांना दाखवलं, तर हे हसत सुटले. हे आपल्याच गादीवर झोपले होते. चटई कप्तानांची. जाड गादीच्या जोरावर त्यांनी ती तंबूबाहेर टाकली होती, ती यांनी उचलली. तेव्हा चटई पाठवू नका. कप्तानांना सगळं खरं सांगायचं मी ठरवलं आहे. पुढच्या वर्षीच्या यादीत माझं नाव शाईने लिहिलं गेलं, की त्याच दिवशी.