दुसरा पडत नाही

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत, तूही असशील. फोनवर आपण दोघंही हं-हं करून ठेवून देतो, म्हणून लिहिलंस ते बरं केलंस.

तू दोन गोष्टी विचारल्यास. बाबा कसे आहेत, आणि गाडी विकायची का. गाडीचं आधी लिहिते.

आई गेल्यापासून मोटारसायकल आपल्या गॅरेजच्या दुकानात उभीच होती. गेल्या आठवड्यात बाबांनी बाहेर काढली, बेकरीपर्यंत गेले आणि ढकलत परत आले. म्हणाले, "दुसरा पडत नाही." तुला आठवत असेल, आपल्या गाडीला पहिला गिअर खाली दाबायचा आणि बाकीचे पाऊल लिव्हरखाली घालून वर उचलायचे. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल. पाऊल अर्धवट उचललं की गाडी तिथेच अडकते. इंजिन ओरडतं, चाक फिरत नाही.

क्लचची केबल सैल होती, ती बसवली. ऑइल काळं झालं होतं, बदललं. लिव्हरचा नट आवळला. चौकापर्यंत चक्कर मारली. दुसरा पडला, तिसरा पडला, चौथाही. बाबांना गाडी दिली. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि पुन्हा ढकलत आले.

"मेकॅनिकसमोर सगळ्याच गाड्या शहाण्या होतात," म्हणाले. हे ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. मी हसले.

आता गिअरबॉक्स उघडते. दोष ठेवून विकायची नाही, असं बाबांचंही म्हणणं आहे.

बाबांना तुझ्याकडे न्यायचं, खालची खोली रिकामी आहे, हे तू लिहिलंस ते त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खिडकी आहे का विचार त्याला." चेष्टेत म्हणाले की खरंच, ते कळलं नाही.

आईच्या वस्तूंना अजून हात लावलेला नाही. पर्स दारामागे टांगलेलीच आहे.

बाबांचं लिहायचं राहिलं. जेवतात. झोपतात.

तुझी,
बारकी


दि. २१ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितेय. गाडीसाठी तू पाहिलेल्या घेणाऱ्याला थोडं थांबव म्हणून फोनवर सांगितलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही.

इंजिन उतरवून गिअरबॉक्स उघडला. बाबा स्टुलावर बसून बघत होते. दुसऱ्या गिअरच्या अंगावर जे आडवे दात असतात, शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे, त्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. गिअर नीट न उचलता हिसके मारून टाकला की त्या तशा होतात. नवशिक्याच्या गाडीत दिसतात. तू शिकत होतास तेव्हा बाबांनी असेच दात तुझ्या तळहातावर ठेवले होते आणि दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते.

मी तो गिअर त्यांना दाखवला. "ही कोणाला चालवायला दिली होती?"

"कोणाला नाही. मीच चालवतो."

"हे तुमच्या पायाचं काम नाही."

"नाही," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. ते तसेच आत गेले.

नवा गिअर घातला. इंजिन चढवलं. मी चालवली, सगळे गिअर पडले. बाबांनी चालवली, दुसरा पडला नाही.

या वेळी मी त्यांच्या मागोमाग चालत गेले होते. त्यांनी क्लच दाबला. पाऊल लिव्हरखाली गेलं. मान ताठ झाली, खांदा वर आला, मांडीसुद्धा उचलली गेली. पाऊल मात्र उचललं नाही. घोट्यापासून खाली ते ओल्या मोज्यासारखं लोंबत होतं. लिव्हर अर्धा वर आला आणि निसटला.

गाडी मीच ढकलत आणली. बाबा सीटवर एक हात ठेवून शेजारून चालले.

मला एवढंच कळत नव्हतं की मग आत्तापर्यंत कसं चाललं. आई आजारी पडेपर्यंत दोघं रोज बाजारात जात होते. बाबा एकटे कुठे जातच नव्हते. मी चिडवायचे, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून. आई म्हणायची, "जळू नकोस. तुझा बाप मागे वजन असल्याशिवाय हलत नाही."

बँकेला तिचं ओळखपत्र हवं होतं, म्हणून पर्स उघडली. कंगवा होता, चष्मा होता, गोळ्या होत्या. तळाशी क्लचच्या जुन्या केबलची वायर, नीट वेटोळं करून ठेवलेली. एका टोकाला आकडा. दुसऱ्या टोकाला किल्ल्यांची रिंग, तिला उशीच्या निळ्या अभ्र्याचं फडकं गुंडाळलेलं. मी दुकानात जाऊन आकडा गिअरच्या लिव्हरला लावला. घट्ट बसला. वायर मागच्या सीटपर्यंत बरोबर पुरली.

तिच्या बोटाच्या पेरावर एक चीर होती, कधी भरायची नाही. विचारलं की सुरी लागली म्हणायची. हॉस्पिटलात शेवटी तिचा हात माझ्या हातात होता, तेव्हाही ती चीर होती.

वायर बाबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

"वर्ष झालं असेल," म्हणाले. "मी क्लच दाबून 'हं' म्हणायचो. ती ओढायची."

"आईला गाडीतलं काय कळत होतं?"

"आधी काहीच नाही. मग आवाजावरून कळायला लागलं. मी 'हं' म्हणायच्या आत ओढायची. क्लच तरी दाबू दे म्हटलं तर म्हणायची, मग दाबा की लवकर. त्यातच ते दात गेले."

हे सांगताना ते जरासे हसले.

मी विचारलं, "हे सगळं माहीत होतं तर मला गिअरबॉक्स का उघडू दिलात?"

ते फडक्याकडे बघत होते. "मला वाटलं, तुला सापडेल काहीतरी."

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टर त्यांना ओळखत होते. "आज बाई नाही आल्या?" असं त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून आई गेल्याचं मी सांगितलं. मग त्यांनी पाय तपासला. हे पाऊल आता उचललं जाणार नाही. दुसऱ्या पायातही सुरुवात आहे. तो जायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. हे सगळं त्यांनी आई-बाबांना आधीच सांगितलेलं होतं.

जाताना गाडीवर गेलो. किल्ली मी मागितली नव्हती. बाबांनी स्वतःहून माझ्या हातात ठेवली आणि मागे बसले. बसायलाही वेळ लागला. गल्ली संपली, मी क्लच दाबला, आणि मागून ते म्हणाले, "हं." मी गिअर उचलला. तिसऱ्यालाही म्हणाले. येतानाही.

तर बाबा असे आहेत.

त्यांना घेऊन जायला तू स्वतः ये. मी ट्रेनमध्ये बसवून देईन असं मागे फोनवर म्हटलं होतं, ते आता जमणार नाही. खिडकीचं त्यांनी परत विचारलंय, आणि या वेळी चेष्टा नव्हती. रस्त्याच्या बाजूला उघडते का, तेवढं कळव.

गाडी विक. दोष काही नाही, घेणाऱ्याला बिनधास्त सांग.

वायर गाडीबरोबर द्यायची नाही.

तुझी,
बारकी