उसना डावरा

८ फेब्रुवारी

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू ‘हो हो, बघतो’ म्हणून सुटतोस, म्हणून हे पत्र. इकडे सगळे बरे आहोत. परीक्षा जवळ आल्यामुळे दुकानात चष्म्यांची गर्दी आहे. दिवसभर दुसऱ्यांचे नंबर तपासते आणि घरी आले की बाबांच्या मागे लागते, लांबचा चष्मा करून घ्या म्हणून. ते म्हणतात, आता लांबचं बघण्यासारखं काय राहिलंय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुद्द्यावर येते. मागच्या रस्त्यावरच्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आहे. मुख्याध्यापिका बाई माझ्या गिऱ्हाईक. तुझ्यासाठी त्या मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत, पुढे नाही. बाबांनी तर मनातल्या मनात तुला रुजूही करून टाकलंय. ते रोज पेपरात तुमच्या सामन्याचा तक्ता शोधतात. ज्याला खेळायला मिळालं नाही त्याच्या नावापुढे आडवी रेघ असते, हे त्यांना आता पाठ झालंय. काल म्हणाले, छत्तीस वर्षांचा घोडा झाला, चौदा वर्षांत बास्केटबॉलचे अकरा संघ पालथे घातले आणि नावापुढे अजून रेघच. नुसतं बसायचंच आहे तर आपल्या घरात काय खुर्च्या कमी आहेत? मी हसले, पण ते हसत नव्हते.

मला तुझी बाजू घ्यायची असते रे, पण काय बोलावं तेच कळत नाही. तू तिथे नक्की करतोस काय, हे मलाही इतक्या वर्षांत नीट समजलेलं नाही. गुडघा कसा आहे ते खरं खरं लिही.

लोभ आहेच. उत्तर लवकर आलं तर वाढेल.
तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खुर्च्यांचं वाचून आधी हसलो, मग जरा लागलं. गुडघा जिना चढताना गप्प असतो, उतरताना कुरकुरतो. खोली बरी आहे. खिडकीतून हॉलचा पत्रा दिसतो. पलंग नेहमीसारखाच आखूड, त्यामुळे पायाशी स्टूल लावलंय. कुठल्याही गावी गेलो की मी आधी स्टूल शोधतो, मग पाण्याचा नळ.

मी काय करतो ते ऐक. सामन्याच्या आधीचे सगळे दिवस मी समोरच्या संघातला सगळ्यात भारी खेळाडू होतो. त्याचे जुने सामने बघत बसतो. तो कुठल्या पायावर वळतो, दमला की काय करतो, चिडला की कुठे पळतो, सगळं अंगात भिनवतो. मग सरावाला पिवळं बनियन घालून, तोच बनून, आमच्या पहिल्या पाच जणांशी खेळतो. त्यांना मला अडवता आलं की सामन्यात त्याला अडवता येतं. पहिल्या वर्षी हे काम मला शिक्षा म्हणून दिलं होतं. पुढे लक्षात आलं की मला हे येतं, आणि फार थोड्यांना येतं. आजवर शंभरेक माणसं होऊन झाली. सध्या मी ‘डावरा’ आहे, या लीगमधला सगळ्यात अवघड गडी. आठ दिवस डाव्या हाताने जेवतोय, दात घासतोय, कुलूप उघडतोय. काल घरमालकीणबाईंनी काळजीने विचारलं, उजव्या हाताला लागलंय का?

आता खरी गोष्ट. हा संघ मला पुढच्या मोसमात ठेवणार नाही, तरुण मुलगा घेताहेत. एका बाराव्या संघाच्या कोचचा फोन आला होता. त्याला मी हवाय, पण फक्त सरावासाठी. सामन्यात उतरवीन असं तो खोटंसुद्धा बोलला नाही. महिनाअखेरपर्यंत, म्हणजे मार्चच्या, त्याला कळवायचंय. ताई, मला जायचंय. दोन-तीन मोसम अजून माझ्यात आहेत. पण बाबांच्या मनाविरुद्ध चौदा वर्षं काढली, पंधरावं निघणार नाही. त्यांनी मला एकदाही प्रत्यक्ष बघितलेलं नाही. डावऱ्याच्या संघाशी सामना २ तारखेला संध्याकाळी पाचला आहे. दोन पास सोबत पाठवतोय. त्यांना घेऊन ये. नंतर ते म्हणतील तसं करीन. शाळा तर शाळा.

भावोजींना नमस्कार. तुझा राग आणि लोभ दोन्ही चालतील, पण ये.
तुझा शिडी


४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

नीट पोचलात ना? सामना आम्ही जिंकला आणि मी एक मिनिटही उतरलो नाही, हे तुम्ही वरून बघितलंच. शेवटची दोन मिनिटं उरली होती तेव्हा कोचने माझ्या दिशेने पाहिलं. मी जाकीट काढलं, उभा राहिलो, आणि त्याने माझ्या शेजारच्याला बोलावलं. मग जाकीट परत घातलं. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र, बाबा बघताहेत या विचाराने, चेन लावताना बोटं अडकली.

बाहेर भेटल्यावर त्यांनी माझा डावा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला. गुडघा दुखतो का, विचारलं. मग बस चुकेल म्हणाले आणि निघाले. खेळाबद्दल अवाक्षर नाही. मी समजलो. जे इतकी वर्षं पेपरात वाचलं तेच डोळ्यांनी बघून गेले.

शब्द दिला होता, तो पाळतो. बाईंना सांग, मी एक एप्रिलला हजर होईन. त्या कोचला नकार शेवटच्या दिवशी कळवीन. तेवढे दिवस तरी राहू दे.

सगळ्यांची माया असू द्यावी.
शिडी


९ मार्च

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

आधी घोटभर पाणी पी, मग वाच. बाईंना मी काहीही सांगितलेलं नाही. उलट बाबांनी मला घातलेली शपथ मोडून हे लिहिते आहे.

तुझी ताई चष्म्याच्या दुकानात काम करते आणि तिला तारीख वाचता येत नाही. भिंतीवर कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान उलटायचं राहिलं होतं, आणि त्यावर दोन तारखेला शुक्रवार होता. म्हणून आम्ही एक दिवस आधीच, शुक्रवारी, तुझ्या हॉलच्या दारात पास घेऊन उभे. आत तुमचा सराव चाललेला. संघाचे कपडे धुणाऱ्या मावशींना आमची दया आली. त्यांनी आम्हाला सगळ्यात वरच्या रांगेत बसवलं आणि टॉवेलांच्या घड्या घालत स्वतःही शेजारी बसल्या. तुला निरोप पाठवू का, असं त्यांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, नको, आल्यासरशी नुसतं बघून जाऊ.

बाबांच्या नाकावर नवा चष्मा, नंबर मीच तपासलेला. तरी पाचच मिनिटांत म्हणाले, आपला काही दिसत नाही, पण तो पिवळ्या बनियनमधला डावरा बघ. मग तासभर त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. तो बनियनचा गळा दातात धरायचा, डाव्या खांद्याने हूल द्यायचा आणि भलतीकडेच वळायचा. बाबा प्रत्येक वेळी गुडघ्यावर थाप मारत होते. एकदा त्याला अडवणारा मुलगा सारखा चुकायला लागला. तेव्हा डावऱ्याने खेळ थांबवला, खाली वाकला आणि त्या मुलाचा पाय हाताने धरून चार बोटं मागे ठेवला. बाबा म्हणाले, स्वतःला अडवायला असं कोण शिकवतं? मी तुला ओळखलं ते तिथे. मी इतकी मोठी असून मला सायकल तू शिकवलीस, तेव्हा माझाही पाय असाच उचलून पेडलवर ठेवला होतास.

मी बाबांना सांगितलं नाही. गंमतही वाटत होती आणि रडूही येत होतं. मग बाबा मावशींना म्हणाले, आमचाही एक आहे तुमच्या संघात, पण बाकावरचा. याच्यासारखा एखादा आमच्या घरात निघाला असता तर छाती फुगवून फिरलो असतो. मावशींनी विचारलं, तुमच्या मुलाचा नंबर कोणता? बाबा म्हणाले, बावीस. मावशींनी टॉवेल मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, अहो, मग तोच की तो! पंधरा-वीस दिवस झाले, टॉवेलसुद्धा माझ्याकडे डाव्या हाताने फेकतोय.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लॉजवर मला दम भरला की हे त्याला सांगायचं नाही, स्वतःच्या पोराला ओळखलं नाही हे कुठल्या तोंडाने सांगू? शनिवारच्या सामन्यात तर त्यांनी तुझं जाकीट काढणं-घालणं बघितलंही नसेल. ते त्या अडवणाऱ्या मुलाचे पाय बघत होते. खरा डावरा वळायच्या आत तो तिथे उभा असायचा, आणि बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, हे आमच्याने शिकवलंय. शेवटी त्या बिचाऱ्याने जागा बदलली.

परतीच्या बसमध्ये मात्र अचानक त्यांच्या पंपांच्या कारखान्यातलं सांगायला लागले. ते ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचे ना, त्याबद्दल. नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. पंप तयार होऊन जातो, त्यात लाकडाची कपचीही नसते. पण नमुना केसभर चुकला तर सगळे पंप चुकतात. एवढं बोलून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचे डोळे भरले होते. चष्मा नवा आहे, त्यामुळे मला स्पष्ट दिसलं.

तुला आधीच कळवायला हवं होतं, माफ कर. मला तुझा फार अभिमान वाटतो, हे फोनवर सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
ताई


१३ मार्च

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुला सगळं लिहिलं, असं ताईने काल कबूल केलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका अर्थी बरं झालं.

त्या दिवशी तुझा हात हातात घेतला तेव्हा बोलायचं बरंच होतं, पण गुडघ्याचंच विचारून बसलो. मग बसचं निमित्त काढलं. बस तासाभराने होती. चौदा वर्षं मी पेपरातली रेघ वाचत बसलो आणि तुला एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तू दिवसभर करतोस काय. ही चूक माझी. माफी मागायचीही सवय नाही, पण मागतो.

आज सकाळी शाळेत जाऊन आलो. बाईंना म्हटलं, जागा भरून टाका, आमचा मुलगा येणार नाही, त्याला काम आहे. त्यांनी सहज विचारलं, काय काम करतो? मी सांगायला लागलो. मधली सुट्टी झाली आणि संपली, तरी माझं चालूच. शेवटी त्यांना नीट कळेना, म्हणून उठलो आणि कपाट व टेबल यांच्या मधल्या जागेत डाव्या खांद्याने हूल देऊन दाखवली. त्यांचा पाण्याचा ग्लास सांडला. दोनदा दाखवल्यावर म्हणाल्या, आता कळलं.

त्या कोचला आजच होकार कळव, महिनाअखेरपर्यंत थांबू नकोस. गुडघ्याला शेक देत जा. नव्या गावी गेलास की मला सामन्याचे पास पाठवू नकोस. सराव किती वाजता असतो आणि म्हाताऱ्या माणसाला आत बसू देतात का, तेवढं विचारून ठेव.

तुझे बाबा