आतलं पोतं

शुक्रवार, दिवेलागण. औसा.

परदेशी तपासणीत बुरशीचं विष निघालं म्हणून परत आलेले शेंगदाणे व्यंकट आज दुकानात स्वस्तात विकत होता. हाच व्यंकट कविता म्हणायचा तेव्हा माझा अख्खा वर्ग गप्प व्हायचा. दुष्काळी कामावरच्या बाया ते दाणे पदरात घेत होत्या.

म्हटलं, "अरे, तिथं चालत नाही ते इथं कसं चालतं?"

हसला. "गुरुजी, जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, पण इथं कोण तपासतंय? तुम्ही हे नका घेऊ. तुमच्यासाठी आतलं पोतं फोडतो."

आतलं पोतं! म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. बायांना सांगायला हवं होतं ना मी? त्याची कविताच आठवत उभा राहिलो. पिशवी घेतली, आलो.

सूनबाई म्हणाली, "मामा, दाणे लई चांगले हायत."

असणारच. आतल्या पोत्यातले.