अठराचे वीस

४ मार्च

चि. ठकी हिस,
आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला ते पुढे कळेल. काचेच्या बशीत स्वल्पविरामाएवढे कृमी पाळायचे, रोज सकाळी एकेकाला काडीवर चिकटवलेल्या पापणीच्या केसाने हळूच शिवायचं आणि हलला तर जिवंत म्हणून मांडायचा, ही नोकरी माझ्या नातीला मिळेल असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आणि तो केस तू स्वतःच्याच पापणीचा दिलास म्हणे!

आता खरी गोष्ट. रॉयल जेली, म्हणजे कामकरी मधमाश्या राणीला भरवतात ते अन्न. त्यातून तुम्ही एक आम्ल वेगळं काढलंत आणि ते खाल्लेले कृमी अठराऐवजी सरासरी वीस दिवस जगले, असं तू लिहिलंस. मी लगेच कागद घेतला. अठराचे वीस, तर अठ्ठ्याहत्तरचे किती? शहाऐंशी वर्षं आठ महिने. तुझ्या आजीला पुढच्या महिन्यात अठ्ठ्याहत्तर पुरी होतात. म्हणजे आठ वर्षं आठ महिने हातात येतात, ठकी!

तसं माश्यांनी हे मला कधीच सांगितलं होतं, मलाच ऐकू आलं नाही. एकाच आईची, एकसारखी अंडी. एकीला हे अन्न जन्मभर मिळतं, ती तीन-चार वर्षं राज्य करते. दुसरीला तीन दिवसांनी बंद होतं, ती ऐन हंगामात सहा आठवड्यांत पंख झिजवून संपते.

परसातल्या मधमाश्यांच्या चार पेट्यांपैकी दुसरीतली राणी मी बाजूला काढली. राणी हरवली की माश्या घाबरून नव्या राण्या वाढवायला घेतात. भुईमुगाच्या शेंगेएवढ्या कोठ्या बांधतात आणि आतल्या अळीभोवती हे पांढरं, आंबट अन्न ओततात. चौथ्या दिवशी अकरा कोठ्या उघडल्या, अकरा अळ्या बारीक ब्रशने उचलून दगडावर ठेवल्या. मग राणीला परत सोडलं. मिळालं काय, तर चहाचा अर्धा चमचा. त्यातलं कणभर रोज मधात कालवून तुझ्या आजीला देतो. आजचा तिसरा दिवस.

हे तिला ठाऊक नाही. फोन तिच्या उशाशी असतो, म्हणून तर लिहितोय. टकलावर केस यावेत म्हणून मी एकदा मेण चोपडलं होतं, तेव्हापासून माझ्या प्रयोगांवरून तिचा विश्वास उडालाय.

चाळीस वर्षं मी मुलांना कविता म्हणायला शिकवल्या. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. तुझी आजी आता दम्याने शब्दाच्या मध्येच थांबते. ‘पाणी’ म्हणायला तिला दोन श्वास लागतात. ऐकवत नाही गं.

आम्हाला विसरलीस तरी चालेल, पत्राला विसरू नकोस.

तुझे
आजोबा

---

१० मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता हातात पडलं. चार वेळा फोन केला, कोणी उचलत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. आधी एक करा. आजीला ते द्यायचं आजच्या आज थांबवा. दमा असलेल्या माणसाची श्वासनळी रॉयल जेलीने एकाएकी आवळू शकते. इथल्या डॉक्टरबाईंना विचारलं, तर अशी माणसं दगावलीसुद्धा आहेत म्हणाल्या. जराही धाप वाढली तर तिला दवाखान्यात न्या, आणि काय दिलंय ते लपवू नका.

आता माझी चूक. मी तुम्हाला अर्धंच लिहिलं होतं. अठराचे वीस झाले ते लहानपणापासून आम्ल खाल्लेल्या कृमींचे. नंतर आम्ही ते म्हाताऱ्या कृमींना दिलं. काही फरक पडला नाही. अठरा ते अठराच. हा निकाल पंधरा दिवसांपूर्वी आला. मी दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. तुम्ही ते पत्र वाचून किती खूश झाला असाल, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

आणि कृमीला ना फुप्फुस, ना दमा. त्याचं त्रैराशिक माणसाला लागत नाही, आजोबा. पुढेमागे यातून माणसांसाठी काही निघेलही. आज आमच्या हातात काही नाही. हे वाक्य पहिल्याच पत्रात यायला हवं होतं.

मी फोन करत राहतेय. उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल, पण लगेच हवं.

तुमची
ठकी

---

१४ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझं पत्र दाराच्या फटीत अडकलेलं मिळालं. तुझ्या आजीची शाल न्यायला घरी आलो होतो. तू फोन करत होतीस तेव्हा घराला कुलूप होतं. ती आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

आठ तारखेला सकाळी वाटी दिली आणि दहा मिनिटांत तिचे ओठ निळे पडले. शेजारच्या शिंपीणबाईंनी गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, मध. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा मधच सांगितला. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. मीच त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. नर्सला हाक मारून औषध बदलायला लावलं आणि मला एवढंच म्हणाले की मास्तर, आल्या आल्या बोलला असतात तर बाईंची एक तासाची तडफड वाचली असती.

एक तास. आणि मी आठ वर्षं आठ महिने मिळवायला निघालो होतो.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. अर्धं तू लिहिलंस खरं, पण उरलेलं अर्धं मी विचारलंच नाही, कारण आलेलं उत्तर मला आवडलं होतं. पोरांच्या वह्यांत मी ह्याच चुकीवर जन्मभर लाल रेघ ओढली.

आज ती टेकून बसली. काही विचारत नाही. इतक्या कविता पाठ आहेत, पण तिच्या उशाशी एक ओळ आठवत नाही.

जमेल तसं लिही.

आजोबा

---

२४ मार्च

चि. ठकीस,
आजीकडून तोंडभरून आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून घे. परवा घरी आले. हे बाहेरच्या खोलीत बसलेत. मला झोप लागलीये असं त्यांना वाटतंय.

मला सगळं ठाऊक होतं गं. पन्नास वर्षांत ज्या माणसाने साधा पाण्याचा पेला आणून दिला नाही, तो रोज सकाळी वाटी घेऊन उभा राहायला लागला. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि मध कधी आंबट लागतो का? पण वाटी देऊन समोर असे उभे राहायचे, जसा काही परीक्षेचा निकाल लागायचाय. मी गिळलं. पाचव्या दिवशी घसा खाजायला लागला, तरी गिळलं. तुझं पत्र शालीच्या घडीत सापडलं, तेही वाचलं. तेव्हा ‘चूक माझी’ म्हणून तुम्ही दोघांनीच पुढे पुढे करायचं कारण नाही, मीही रांगेत आहे.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. फुप्फुसं थकलीत. फार तर येणारी थंडी निघेल. हे ह्यांना माहीत आहे, पण मला माहीत नाही असं ते धरून चाललेत. आज चहा झाला की सांगणार आहे. एकमेकांना जपायचं म्हणून गप्प बसायचं, हे या घरात आता पुरे झालं. त्याने मला जवळजवळ नेलंच होतं.

हे पेट्यांकडे फिरकत नाहीत. दुसऱ्या पेटीतल्या माश्या दारात दाटी करून लोंबकळताहेत, मला खिडकीतून दिसतं; आत जागा पुरत नसेल. तू आठ दिवसांची रजा काढून ये. माझ्या उशाशी बसायला नको. ह्यांच्याबरोबर पेट्या उघड. त्यांचा हात कापतो, पोळ्याची चौकट तू धर. मला पडल्या पडल्या तुम्हाला दोघांना बघायचंय. मध्येच ते कविता सुरू करतील, म्हणजे करू देत. कंटाळलीस तरी ऐक. माझ्यामागे ऐकायला कोणीतरी लागेल.

लोभ वाढवावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. माझ्यासाठी तो वाढवू नकोस. आहे तेवढा मला पुरून उरेल. उरेल तो ह्यांना दे.

तुझी
आजी