चार मिनिटं अकरा सेकंद

३ ऑगस्ट

आलो एकदाचे भोपाळला! सामान उतरवताना दोन बरण्या फुटल्या. त्यातली एक सासूबाईंच्या लोणच्याची, म्हणजे फार नुकसान झालं असं नाही. बरखेड्यातलं हे क्वार्टर मला पाहताक्षणीच आवडलं. पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत दोघं उभे राहिले की तिसऱ्याने आत जायचं. इथे पुढे अंगण, मागे अंगण, फाटकाला कडी, जांभळाचं झाड. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सगळी लाईन सायकली आणि स्कूटर घेऊन निघते, त्यात आता श्रीकांतही. बदलीचा कागद आला तेव्हा तोंड पाडून बसला होता, आता शेजाऱ्यांशी भेंडीच्या बियांवर चर्चा करतो आहे. मुक्ता नागपूरला हॉस्टेलवर. रोज पाचला तिचा फोन येतो आणि अर्धा तास आई-आई चालतं.

शेजारच्या शोभाताई छप्पन्न साली नागपुराहून सरकारी दफ्तरांबरोबर आलेल्यांची नात. त्यांची मराठी निम्मी हिंदी. पहिल्याच दिवशी पोहे आणले आणि म्हणाल्या, वहिनी, संकोच नका करू, जे लागेल ते बिनधास्त मांगून घ्यायचं.

११ ऑगस्ट

शोभाताईंनी अरेरा कॉलनीत दिगंबर म्हणून एक आहेत त्यांच्याकडे नेलं. बँकेत नोकरी, आणि उरलेल्या वेळात ‘मैफलपान’ नावाचं संगीताचं संकेतस्थळ चालवतात. लिहिणारे सगळे हौशी, मानधन शून्य, चहा मात्र उत्तम. गायक-वादक आपापली ध्वनिमुद्रणं पाठवतात आणि आपण समीक्षा लिहायची. एकच नियम: दोनदा ऐकल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. मी लगेच हो म्हटलं.

गाणं का सोडलं, असं त्यांनी विचारलं. संसार, असं मी सांगितलं. इथे खरं लिहिते. बारा वर्षं मी लीलावतीबाईंकडे शिकले. बाईंची बंदिश त्यांच्या परवानगीशिवाय घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही शपथ घेऊनच आम्ही शिकायला बसायचो. बाईंच्या वार्षिक कार्यक्रमात सकाळचं गाणं माझं ठरलं होतं. आठ दिवस आधी त्यांची तोडीची नवी बंदिश एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या तोंडी ऐकू आली. बाईंनी मला बोलावलं, माझी बंदिशींची वही मागून घेतली आणि दार लावलं. ती बंदिश मी कुणाला दिली नव्हती. त्या सकाळी गायला माझ्याबरोबर शिकणारी रत्नप्रभा बसली. बाई अखेरपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. याला एकोणीस वर्षं झाली. रत्नप्रभेचं नाव झालं आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.

२९ ऑगस्ट

चार समीक्षा झाल्या. एका बासरीवाल्याला लिहिलं की फुंक भरपूर आहे, सूर अधूनमधून भेटतो. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दिगंबरांना लांबलचक पत्र आलं. मला काय मजा आली म्हणून सांगू! इतकी वर्षं लोकांनी माझं मोजलं, आता माप माझ्या हातात आहे.

९ सप्टेंबर

देव आहे. रत्नप्रभेचं ध्वनिमुद्रण आलं आहे, बेचाळीस मिनिटांचं. वर तिचा निरोप: समीक्षा सिंधूनेच लिहावी, ही विनंती. माझं नाव तिने मैफलपानावर पाहिलं असणार. मिरवायला पाठवलंय, दुसरं काय.

लावलं. तोडी. तीच बंदिश, माझ्या सकाळची. अंगाची लाही लाही झाली. चार मिनिटं कशीबशी ऐकली आणि बंद केलं. मग बसून एका दमात समीक्षा लिहिली. आवाज पिचलेला, आलापी उसनी, आणि उत्तरार्धात तानांची पार दमछाक. उत्तरार्ध कोण ऐकतोय? असणारच दमछाक, पन्नाशी आली तिची. दिगंबरांनी दोनदा ऐकलं ना, असं विचारलं. मी तीनदा म्हटलं.

१४ सप्टेंबर

समीक्षा काल लागली. रात्री पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

सकाळी तिचं ईपत्र. उतरवून ठेवते. ‘सिंधू, त्या ध्वनिमुद्रणाला कान किती वेळ लागला ते पाठवणाऱ्याला दिसतं. चार मिनिटं अकरा सेकंद ऐकून तू बेचाळीस मिनिटांचा निकाल दिलास. आजपासून तुला प्रत्येक आवाज तेवढाच ऐकू येईल. मग तो कायमचा गेला.’ मी श्रीकांतला वाचून दाखवलं आणि खो खो हसले. बाईंकडे होती तेव्हाही नाटकीच होती.

१५ सप्टेंबर

शोभाताई सुनेच्या डोहाळजेवणाचं सांगत होत्या. सांगता सांगता त्यांचा आवाज गेला. ओठ हलताहेत, हात हलताहेत, आणि ऐकू काही नाही. जांभळावरचा कावळा मात्र ऐकू येत होता. मी मान हलवत राहिले. संध्याकाळी श्रीकांतचंही तेच झालं. तो मोजकं बोलणारा, म्हणून त्याला संध्याकाळ पुरली.

१८ सप्टेंबर

साकेत नगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, कान उत्तम आहेत म्हणाले, आणि पुढच्या वाक्याच्या मध्यावर त्यांचा आवाज बंद झाला. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. चार मिनिटं, आणि वर थोडं.

येताना रिक्षाही अर्ध्या वाटेत गप्प झाली. धावत होती, पण गप्प.

२१ सप्टेंबर

भोंगा गेला. कुकर गेला, नळ गेला. आता सगळं घड्याळ लावून पाहते, खोटं ठरत नाही. स्वतःचं बोलणंही खुणांवर आणलं होतं, आज राहवलं नाही, तानपुरा काढला आणि सा लावला. एकोणीस वर्षांनी मनापासून गायले, आणि गाता गाता माझाच आवाज माझ्या कानातून निघून गेला. गळ्यावर हात ठेवला तर गळा थरथरत होता. रडले. तेही मला ऐकू आलं नाही.

एकच शिल्लक आहे. चौदा तारखेपासून मुक्ता परीक्षेत होती, फोन नाही. तिचा आवाज अजून अख्खा आहे.

२३ सप्टेंबर

परीक्षा संपली. पाच वाजता फोन आला. उचलला नाही. खूप काम आहे, लिहून पाठव, असा मेसेज केला. पुन्हा आला, पुन्हा नाही. तिच्या जुन्या ध्वनिफिती मोबाइलमध्ये आहेत, त्यांना हात लावत नाही. चार मिनिटं अकरा सेकंद मी पुरवून पुरवून वापरीन. वर्षाला दहा सेकंद घेतले तरी पंचवीस वर्षं पुरतील.

२८ सप्टेंबर

रत्नप्रभेचं ते उरलेलं ध्वनिमुद्रण मला ऐकू येणारच नव्हतं. श्रीकांतला ऐकायला बसवलं आणि ऐकतोस ते लिही म्हणून सांगितलं. एकतिसाव्या मिनिटाला गाणं संपतं. तान एकही नाही. पुढे ती बोलते.

तिला यकृताचा आजार आहे, महिनाभरच हातात आहे. बंदिश तिनेच ऑर्केस्ट्रावाल्याला दिली आणि बाईंना माझं नाव सांगितलं. शेवटी माफी मागते आणि म्हणते: सिंधू, हे तू तुझ्या समीक्षेत छाप. तुझं तू परत घे. मला जाण्याआधी ते वाचायचं आहे.

माझ्या हातात आयतं दिलं होतं तिने. एकोणीस वर्षं जे मागत होते तेच, आणि मी बंद केलं. श्रीकांत कागद माझ्यापुढे ठेवून बाहेर जाऊन बसला.

१ ऑक्टोबर

दिगंबरांचा मेसेज. रत्नप्रभा काल गेली. श्रीकांतने पाटीवर लिहिलं की आता विषय मिटव, मेलेल्याशी वैर नको.

का नको? तिने मेल्यावरही सोडलंय का मला? तिनेच छाप म्हटलं होतं. पण तिने म्हटलं होतं तसं नाही लिहिणार. माफी मागितली ते गाळते, आजार गाळते. फक्त चोरी आणि चहाडी. आणि बाईंच्या गादीवर चोर बसली होती, हे शेवटचं वाक्य.

पाठवलं.

४ ऑक्टोबर

सगळीकडे पसरलं आहे. तिच्या शिष्या तोंड लपवताहेत. बाईंच्या जुन्या मंडळींनी माझी क्षमा मागितली. श्रद्धांजलीची सभा रद्द झाली. मी दिवसभर वाचत बसले. किती गोड लागतं म्हणून सांगू. श्रीकांत माझ्याकडे बघत नाही. न बघू दे.

७ ऑक्टोबर

नवा पोस्टमन आला. बोलू लागला आणि थांबला. घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.

मोजताना चुकलं असेल माझं.

९ ऑक्टोबर

चुकलं नाही. डोहाळजेवणाला आलेल्या एक पाहुण्या — चाळीस सेकंद. त्यांच्या कडेवरचं बाळ — तीस.

जे जे नवीन, ते कमी कमी होत चाललं आहे. म्हणजे मुक्ताचंही — 

१० ऑक्टोबर

तिचं बोलणं मी कापून छापलं, त्याचंच हे. दिगंबरांना लिहिलं, लेख काढा. काढला त्यांनी. पण हजार जणांनी आधीच उचलला आहे, त्याला काय करू? खरं सगळं लिहून पाठवलं, तिची माफी, आजार, सगळं. कोणी वाचत नाही. शिव्या जास्त गोड लागतात लोकांना, मलाही लागल्याच होत्या.

रत्नप्रभे, मी चुकले. मोठ्याने म्हटलं. म्हटलं असावं.

१३ ऑक्टोबर

पत्ता विचारणारी बाई. अकरा सेकंद.

मुक्ता लिहिते की आई फोन घेत नाहीस, बाबा काही सांगत नाहीत, मी दिवाळीआधीच निघते. येऊ नकोस लिहिलं. त्यामुळे जास्तच घाबरली ती.

१५ ऑक्टोबर

नवं कुत्रं. एकदाच भुंकलं. अर्धंच.

१६ ऑक्टोबर

मुक्ता गाडीत बसली. बोलू नकोस, घरात शिरलीस तरी तोंड उघडू नकोस, असं लिहिलं. पोचलं नाही. तिचा फोन बंद आहे.

श्रीकांत स्टेशनवर गेला. तो सांगेल तिला. मी पाटीवर लिहून दिलं आहे. पण ती कुठे ऐकणार आहे कुणाचं — आणि मला ऐकायचं आहे. किती का असेना. मला तिचं ऐकायचंच आहे — 

वही घेऊन पायरीवर बसले आहे. दिसेल ते लिहिते आहे. कोपऱ्यावर रिक्षा. श्रीकांत तिच्या दंडाला धरून काहीतरी सांगतोय. तिने हात सोडवला. पळत येते आहे. किती वाळली आहे. फाटक उघडलं तिने, मी दिसले, हसली, तोंड उघडलं —

आ