पहिल्या नंबरचं वावर

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांचं असंच असतं.
काल नानाजी काका (नात्याने नाही, गावाच्या रीतीनं काका) चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले की आमचं घराणं गावात मागून आलं, म्हणून पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांचीच जाणार. मी ताडकन उठलो. चहा सांडला. माझ्याच पँटवर.
ज्योत्स्ना ही काकांची मुलगी. बारावीपासून माझं तिच्यावर प्रेम आहे. तिला सांगायचं बाकी आहे.
प्लॅन: जुना नकाशा काढायचा. आपला पणजोबा दसरू गावातला पहिला शेतकरी होता हे सिद्ध करायचं. पोळ्याचा मान काकांकडून काढून घ्यायचा. मग काका मला मानतील आणि पोरगी देतील. प्लॅनमध्ये कुठंच फट नाही.

६ ऑगस्ट
चिमूरला जाऊन अर्ज दिला. कचेरीतल्या बाबूने शिक्षण विचारलं. बी.ए., म्हटलं. झालं का, म्हणे. सोडलं, म्हटलं. का ते विचारलं नाही, नाहीतर सांगितलं असतं. हजेरीवरून सरांनी टोकलं होतं, मी हजेरीबुकच खिडकीतून फेकलं. स्वाभिमान.

११ ऑगस्ट, सोमवार
नकाशाची नक्कल मिळाली! इंग्रजांच्या वेळचा. तलाव, पांदण, वावरं, आणि प्रत्येक वावराला नंबर. नंबर एक कोणाचा? आमचा. अगदी वरच्या कोपऱ्यातलं वावर, जिथं आता फक्त रानडुकरं पिकतात. दसरूने सगळ्यात आधी जमीन धरली, म्हणून तर एक नंबर. डोळ्यांत पाणी आलं.
काकांचं वावर सत्तेचाळीस. फोन करून नुसतं हसावंसं वाटलं.
तलावाच्या वर, आता झुडपी जंगल आहे तिथं, 'कुमरेटोला' असं लिहून घरांचे ठिपके काढलेत. बिनकामाचं.

१३ ऑगस्ट
ज्योत्स्ना ब्रह्मपुरीला जमीनमोजणीचा कोर्स करते. पोळ्यासाठी आली आहे. तिला नकाशा दाखवला. अर्धा तास पाहत होती. म्हणजे अर्धा तास माझ्याजवळ बसली.
मग म्हणाली, "निकेश, या नंबरांचं तुले एक सांगाचं हाय."
मी थांबवलं. म्हटलं, जे सांगायचं ते पोळ्याच्या बैठकीत सांग, सगळ्यांसमोर, तुझ्या बाबांसमोर. तिनं दोनदा विचारलं, पक्कं का? पक्कं, म्हटलं. जाताना वळून बघत राहिली. ती नजर मी ओळखतो.
तिनं नकाशाचे फोटो काढले. मी बाजूला उभा राहिलो तर म्हणे सरक, सावली पडते.

१६ ऑगस्ट
आईला सांगितलं, या वर्षी सून येणार. आई म्हणाली, आधी गोठा झाड. बाबा म्हणाले, त्या एक नंबरच्या कडेचा धुरा पावसात वाहून गेला, माती टाकून तो बांध. आमच्या घरात इतिहासाची कदर नाही.

२० ऑगस्ट, बैठकीनंतर
दगा. दगा. दगा.
नीट लिहितो. हनुमानाच्या देवळासमोर सगळे जमले. मी नकाशा उलगडून बोललो. आवाज चांगला लागला होता. मग म्हटलं, आता ज्योत्स्ना सांगेल.
तिनं सांगितलं. "मोजणीवाला वायव्येच्या कोपऱ्यातून सुरू करते अन् तिथून ओळीनं नंबर टाकत जाते. निकेशचं वावर कोपऱ्यात हाय, म्हणून एक नंबर. कोण पह्यले आला, ते त्याच्यावरून समजत नाई."
लोक हसले. सगळ्यात जास्त काका. मग ती त्यांच्याकडे वळली.
"बाबा, तुम्ही काऊन हासून राह्यले? आपलं घर हाय तिथी नकाशात जंगल हाय. घरं फक्त कुमरेटोल्यात. मंग पह्यला मान कुमऱ्यांचा."
सगळ्यांनी मागं पाहिलं. चपलांजवळ जंगू कुमरे बसले होते. गावात कुमरे आता तेवढं एकच घर.
जंगूबाबा म्हणाले, "मान घेतो ना. पण बैल कुठून आणू? माह्याकडं तं बकऱ्या हायेत."
काका म्हणाले, नकाशा ज्यानं आणला त्यानंच बैल द्यावे. ठराव एकमताने मंजूर, मी सोडून.
घरी येताना बाबा म्हणाले, तुले मानच पाह्यजे तं लेकरांच्या तान्ह्या पोळ्यात जा, लाकडाचा बैल घेऊन.

२१ ऑगस्ट
निश्चय एक: बैल देणार नाही. निश्चय दोन: ज्योत्स्नाशी जन्मात बोलणार नाही.
दुपारी ती गोठ्यात आली. मी आमच्या चांद्या-बाशा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होतो. बोललो. म्हटलं, तू दगा दिला. ती म्हणाली, मी तर आधीच सांगत होती, तूच म्हटलं सगळ्यांसमोर. म्हटलं, मला वाटलं तू दुसरं काही सांगशील. दुसरं काय, म्हणे. मग सांगून टाकलं. बारावीपासूनचं.
तिनं बाशाच्या शिंगावरची माती नखानं खरवडली.
"तुले मी पाह्यजे होती, तं माह्या बापाच्या बैलांच्या मागं काऊन लागला?"
मी बाशाच्या त्याच खांद्याला परत हळद चोळली.
मग ती नाई म्हणाली. रागानं नाही, साधं. जाताना सांगून गेली, जंगूबाबाचा पह्यला मान हाय, शिंगं चांगली रंगव.

२२ ऑगस्ट, पोळा
शिंगं रंगवली. चांद्याची निळी, बाशाची लाल.
झडत्यांची कवनं म्हणून झाली, तोरण तुटलं, आणि पहिली जोडी आमची गेली. मी डोळ्यांपुढं आणलं होतं तशीच. डफडं, गुलाल, काका मागं दुसऱ्या नंबरवर. फक्त कासरा जंगूबाबांच्या हातात होता. बाशा बिथरू नये म्हणून मी शेपटीजवळ चालत होतो.
ज्योत्स्नानं फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. जंगूबाबा, चांद्या, बाशा. कडेला एक कोपर दिसतं.
ते माझं आहे.