‘डागडुजी’ हा शब्द माझा

कुंभकोणम्, रविवार संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळलं. लिहिलं की कबूल करावं लागणार, धाकट्या भावाचा, रघूचा, मला हेवा वाटतो.

चेन्नईच्या प्रयोगशाळेत तो रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर अतिनील प्रकाश टाकतो. त्यानं डीएनए बिघडतो, मग एन्झाइमं बिघडलेला तुकडा कापून नवा भरतात. प्रकाशानंतर ती किती काम करतात, ते हा बघतो. बुधवारी अप्पांना सांगताना अडला. तमिळमध्ये सगळं येतं, पण घरच्या मराठीत ‘रिपेअर’ला शब्दच सुचेना. मी म्हटलं, “डागडुजी.” कामासाठी मी बसनं गावोगाव फिरतो; नाचियार्कोविल गावात मोडक्या समया सांधत होतो ना, म्हणून तोंडात आला.

काल आत्या आली, तर अप्पा म्हणतात, “रघूनं शब्द बघ कसला शोधला, डागडुजी.” मी म्हटलं, “शब्द माझा. आणि डागडुजी एन्झाइमं करतात, हा तर मोडतो.”

“तू बसनं गावं मोजत फिर,” अप्पा म्हणाले. रघू शेजारीच कॉफी गार करत होता. मान वर केली नाही. बोलला असता तर काय गेलं असतं?

आज दुपारी गेला एकदाचा. पण थांब, दारात तोच आहे. गाडी चुकली म्हणतो. अप्पांकडे न जाता थेट माझ्यापाशी आलाय. “अण्णा, एन्झाइमला काय म्हणू?”